जाहिरातीचा पैसा आणि अमेरिकन समाज



जाहिरातीच्या इतिहासावर बोलायला कामगार संघटनेतला माणूस कशाला, असा प्रश्न कार्यक्रमपत्रिका वाचून काहींच्या मनात आला असेल. जाहिरात हा व्यापाऱ्यांचा विषय, फार तर चित्रकारांचा. पण कारखान्याच्या गेटवर हँडबिले वाटण्यात ज्यांची उमर गेली, त्यांनाही या विद्येची थोडी ओळख असतेच. पहिली ओळ पकड घेणारी नसेल तर पाळी सुटलेला कामगार कागद वाचत नाही, त्यात शेंगदाणे बांधतो. तेव्हा जाहिरात लिहिणाऱ्याच्या कसबाविषयी आमच्या मनात आदरच आहे. आजचा आमचा प्रश्न त्या कसबाचा नाही. चारचौघांत बोलण्याचा खर्च कोण करतो, आणि जो खर्च करतो त्याला त्याबरोबर आणखी काय काय मिळते, हा आमचा प्रश्न आहे. अमेरिकेच्या इतिहासात त्याचे उत्तर जितके उघड दिसते तितके दुसरीकडे आम्हाला दिसले नाही, म्हणून अमेरिका निवडली. आमचे शिक्षण रद्दीच्या दुकानांत आणि युनियनच्या कचेरीतल्या कपाटाशेजारी झालेले. मांडणीत पंडिती शिस्त नसली तर आपण सांभाळून घ्यावे.

बोस्टन शहरात १७०४ साली ‘बोस्टन न्यूज-लेटर’ हे साप्ताहिक निघाले. अमेरिकेतल्या इंग्रजी वसाहतींमधले सलग चाललेले हे पहिले वृत्तपत्र. जाहिराती त्यात पहिल्या वर्षापासूनच आहेत. जमीन विकणे आहे, घर भाड्याने देणे आहे, वस्तू हरवली आहे. आणि त्याच रांगेत पुढे येते, माणूस विकणे आहे. गुलामांच्या विक्रीच्या आणि पळालेल्या गुलामांच्या जाहिराती वसाहतींतल्या पत्रांचे नेहमीचे उत्पन्न होते. बेंजामिन फ्रँकलिनचे चरित्र उद्योगी माणसाचा नमुना म्हणून आपल्याकडेही मुलांच्या हाती दिले जाते. त्याने १७२९ साली ‘पेन्सिल्व्हेनिया गॅझेट’ हाती घेतले, आणि त्या गॅझेटातही अशा जाहिराती पैसे घेऊन छापल्या जात. उतारवयात तोच फ्रँकलिन गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

या जाहिराती सावकाश वाचण्यासारख्या आहेत. पळालेल्याचे नाव, वय, उंची, अंगातला सदरा कोणत्या कापडाचा, व्रण कोठे आहे, इंग्रजी कसे बोलतो, सुतारकाम येते की लोहारकाम, आणि शेवटी धरून आणणाऱ्याला इनाम किती. करार करून आलेले गोरे वेठनोकर पळाले तर त्यांचेही असेच. म्हणजे अमेरिकन जाहिरातीत काम करणारा माणूस पहिल्यांदा दिसतो तो फरारी म्हणून. पण दिसतो तरी! त्याचा चेहरा, त्याचे कसब, त्याची बोली या तपशिलाने पुढे कोणी लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही. पुढच्या दोन शतकांत जाहिरातीत माल येतो, गिऱ्हाईक येते, गिऱ्हाइकाची बायको येते. माल करणारा हात क्वचितच येतो.

१८३३ साली न्यूयॉर्कात बेंजामिन डे नावाच्या छापखानेवाल्याने ‘सन’ हे दैनिक काढले. इतर दैनिके सहा सेंटला मिळत. याची किंमत एक सेंट. पोरे ते रस्त्यावर ओरडून विकत आणि मजूरही विकत घेत. एका सेंटात कागदसुद्धा सुटत नाही. बाकीचा खर्च जाहिरातदार देई, कारण त्याला हजारो डोळे मिळत. गरिबाच्या हाती वर्तमानपत्र आले हा मोठाच लाभ होता, आम्ही तो कमी लेखत नाही. मात्र त्या दिवसापासून वाचक हा पत्राचा धनी राहिला नाही. तो पत्राचा माल झाला आणि गिऱ्हाईक झाला जाहिरातदार. पुढच्या दशकात फिलाडेल्फियात व्होल्नी पामर याने पत्रांतली जागा जाहिरातदारांना मिळवून देण्याची दलाली सुरू केली आणि एक नवा धंदा जन्माला आला.

या व्यवहाराचा पहिला मोठा आसामी कोण असावा? साबणवाला नव्हे, कापडवाला नव्हे. तो होता रामबाण औषधे विकणारा. ही पेटंट औषधे म्हणत, पण बहुतेकांचे पेटंट वगैरे काही नव्हते. बाटलीवरचे नाव तेवढे राखीव असे. आत पुष्कळदा दारू असे, कित्येकांत अफू. मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावी लिडिया पिंकहॅम नावाची बाई १८७५ पासून बायकांच्या दुखण्यांवरचे औषध विकू लागली. धंद्यात बुडालेल्या नवऱ्याचे घर तिने आणि तिच्या मुलांनी त्यावर सावरले. बाई स्वतः दारूबंदीची पुरस्कर्ती आणि तिच्या काढ्यात सुमारे अठरा टक्के मद्यार्क! तिचा आजीसारखा चेहरा जाहिरातीत छापला जाई आणि खाली आवाहन असे, की डॉक्टरला सांगायला लाज वाटते ते आम्हाला कळवा, एक स्त्री उत्तर देईल. पत्रे ढिगांनी येत. बाई १८८३ साली वारली. पत्रे मागवणे चालूच राहिले. १९०५ साली ‘लेडीज होम जर्नल’ या मासिकाने तिच्या थडग्याचे छायाचित्र छापले, तेव्हा कुठे पुष्कळ बायकांना कळले की आपण बावीस वर्षे मेलेल्या बाईला आपली दुखणी लिहून पाठवीत होतो.

इतके दिवस हे कोणी बोलले का नाही? याचे उत्तर त्याच वर्षी ‘कॉलियर्स’ साप्ताहिकात मार्क सलिव्हन याने छापले, आणि आजच्या विषयाचे मर्म आमच्या मते येथे आहे. औषधवाले वृत्तपत्रांशी वर्षावर्षाचे करार करीत. त्या करारात तांबड्या शाईने एक कलम छापलेले असे. तुमच्या राज्याच्या विधिमंडळाने आमच्या औषधांना बाधक असा कायदा केला, तर हा करार रद्द समजावा. बस्स, इतकेच. संपादकाला कोणी लाच दिली नाही. बाटलीवर आतले जिन्नस लिहावेत असे विधेयक आले की पत्राचा मालक आमदाराला भेटायला जाई. हे कलम शोधून काढणारे चेनी नावाचे औषधवाले आपल्या धंदेभाईंच्या सभेत ही युक्ती अभिमानाने सांगत. आम्ही आजवर पुष्कळ करार वाचले, मालकांचे वकील कशी कशी कलमे घुसवतात तेही पाहिले. पण एका वाक्यात सगळ्या देशाची छापखाने-शाई विकत घेणारे असे दुसरे कलम पाहिले नाही.

सॅम्युअल हॉपकिन्स ॲडम्सची लेखमाला ‘कॉलियर्स’मध्ये चाललीच होती. १९०६ साली शुद्ध अन्न व औषधांचा कायदा झाला. अल्कोहोल, अफू, कोकेन वगैरे असेल तर बाटलीवर लिहिणे भाग पडले. पण १९११ साली सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला की कायद्याने जिनसांविषयी खोटे लिहायला मनाई आहे. औषध कर्करोग बरा करते असे खोटे लिहिण्याला नाही. तो खटला कर्करोगाच्या औषधाचाच होता. पुढच्या वर्षी दुरुस्ती झाली, तरी विकणाऱ्याचा फसवण्याचा हेतू होता हे सरकारने सिद्ध करायचे. हेतू सिद्ध करणे किती अवघड असते हे कामगार न्यायालयात गेलेल्या कोणालाही विचारा.

औषधवाल्यांना गिऱ्हाईक आयते मिळे, कारण दुखणे सगळ्यांनाच असते. कारखानदाराची अडचण निराळी होती. सिगारेटचा दाखला घ्या. कसलेला कारागीर हाताने दिवसाला अडीच-तीन हजार सिगारेटी वळी. बॉन्सॅक नावाच्या तरुणाने केलेले यंत्र दिवसाला लाखाच्या वर वळू लागले. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमच्या जेम्स ड्यूकने १८८४ च्या सुमारास ते यंत्र घेतले. हाताने वळायला न्यूयॉर्कहून मुद्दाम आणलेले शंभराहून अधिक ज्यू कारागीर त्याच्याकडे होते. त्यांची गरज संपली. पण इतक्या सिगारेटी ओढणार कोण? तेव्हा अमेरिकेत लोक तंबाखू चघळत, चिरूट किंवा पाइप ओढत. मागणी नव्हती, म्हणून ती तयार करणे आले. पाकिटात नट्यांची चित्रे घातली, भिंती रंगवल्या, दुकानदारांना भेटी दिल्या. १८८९ च्या एका वर्षात ड्यूकने जाहिरातीवर सुमारे आठ लाख डॉलर घातले. यंत्राने मजुरीतून जे वाचवले, त्यातले बरेच जाहिरातीत गेले, असा हिशेब आम्ही करतो. अर्थशास्त्री कदाचित निराळा करतील.

कामगार या काळात गप्प बसला होता असे नाही. चिरूट वळणाऱ्यांची युनियन त्या वेळी अमेरिकेत फार जागी होती. या कारागिरांत एक सुंदर रीत होती. हात पानावर चालत असताना एकाने मोठ्याने वर्तमानपत्र किंवा पुस्तक वाचायचे, आणि त्याची मजुरी बुडू नये म्हणून इतरांनी आपल्या चिरुटांतले थोडे थोडे त्याला द्यायचे. सॅम्युअल गोम्पर्स याच बाकावर शिकला आणि १८८६ साली अमेरिकन कामगार महासंघाचा अध्यक्ष झाला. (आम्हाला असा वाचणारा मिळाला असता तर चष्मा इतक्या लवकर लागला नसता.) याच चिरूटवाल्यांनी मालावर युनियनचे लेबल लावण्याची कल्पना काढली. माल कोणी केला, कोणत्या मजुरीवर केला, हे पेटीवरच सांगायचे. मालकाच्या जाहिरातीला कामगाराची जाहिरात.

येथवर सांगून आमची मंडळी सहसा टाळ्या घेतात. पुढचेही सांगितले पाहिजे. सॅन फ्रान्सिस्कोत १८७४ साली निघालेले ते पहिले लेबल पांढरे होते आणि त्याचा अर्थ असा, की हा चिरूट गोऱ्या माणसाने वळला आहे, चिनी माणसाने नव्हे. चिनी कामगार स्वस्तात राबवला जात होता हे खरे. त्याला युनियनमध्ये घेऊन त्याची मजुरी वाढवण्याची वाट मोकळी होती. ती सोडून त्याच्या अंगाला अस्वच्छ ठरवणारी वाट धरली गेली, कारण गिऱ्हाइकाला ती चटकन पटत होती. जाहिरातीचा हा गुण लेबल कोणाचेही असले तरी तसाच राहतो. जे मनात आधीच आहे, वाईट का असेना, त्याला हात घातला की माल खपतो. १८८२ साली चिनी मजुरांना देशात यायला बंदी करणारा कायदा झाला. आपल्याकडे अमक्या जातीच्या हातचे पाणी चालत नाही म्हणणाऱ्यांना या लेबलाचे नवल वाटू नये.

दुसरी गोष्ट सेंट लुईच्या एका शेगड्यांच्या कारखान्याची. बक्स स्टोव्ह कंपनीत धातू घासून चकाकी देणाऱ्या कामगारांचा १९०६ साली नऊ तासांच्या दिवसावरून तंटा झाला. कामगार महासंघाच्या मासिकात ‘यांचा माल आम्ही घेत नाही’ अशा अर्थाची एक यादी येत असे. तीत या कंपनीचे नाव आले. कंपनीचा अध्यक्ष व्हॅन क्लीव्ह हा कारखानदारांच्या राष्ट्रीय संघाचाही अध्यक्ष. तो न्यायालयात गेला आणि १९०७ च्या अखेरीस मनाई हुकूम घेऊन आला. यादीत नाव छापायचे नाही, तोंडी किंवा लेखी या तंट्याचा उल्लेखही करायचा नाही. गोम्पर्सने लिहिणे-बोलणे सोडले नाही, तेव्हा न्यायालयाच्या बेअदबीबद्दल त्याला एक वर्षाची कैद ठोठावली गेली. १९११ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली, तोवर कंपनीनेही समेट केला होता. पण तोल पाहा. ‘आमची शेगडी घ्या’ हे छापणे म्हणजे व्यापार, आणि ‘ती शेगडी घेऊ नका’ हे छापणे म्हणजे गुन्हा. कर्करोग बरा होतो असे खोटे छापण्याला कायद्याची हरकत नाही, असा निवाडा ज्या वर्षी झाला तेही १९११च.

पहिल्या महायुद्धात १९१७ साली सरकारनेच जाहिरातवाल्यांना हाताशी धरले आणि युद्ध विकून दाखवले. त्यानंतरच्या दशकात या धंद्याचा दरारा वाढला. लिस्टरीन हे १८७९ सालचे, शस्त्रक्रियेच्या वेळी जंतू मारायचे औषध. ते तोंडाच्या वासावर आहे असे विसाच्या दशकात सांगायला सुरुवात झाली. जाहिरातीत लग्न न जमणारी देखणी मुलगी असे आणि तिच्या जिवलग मैत्रिणीही तिला कारण सांगत नसत. दुखण्यावर औषध विकण्याचे दिवस जाऊन औषधासाठी दुखणे विकण्याचे दिवस आले. मोटारी हप्त्यांवर मिळू लागल्या; जनरल मोटर्सने त्यासाठी १९१९ साली कर्ज देणारी कंपनीच काढली. घरी हप्ता थकलेला कामगार संपाला किती वेळा हात वर करतो, हे आम्हाला अमेरिकेच्या पुस्तकात वाचावे लागत नाही. याच जनरल मोटर्सची जाहिरात सांभाळण्यासाठी जे. वॉल्टर टॉमसन या अमेरिकन कंपनीने १९२९ साली मुंबईत कचेरी उघडली. शिवडीला मोटारी जोडायचा कारखाना होता, त्याच्या मागोमाग ही विद्या आपल्या दारी आली.

रेडिओचेही थोडक्यात सांगतो. २८ ऑगस्ट १९२२ रोजी न्यूयॉर्कच्या डब्ल्यू.ई.ए.एफ. केंद्रावरून एका घरबांधणी कंपनीने पन्नास डॉलर देऊन दहा मिनिटे सदनिकांची महती सांगितली. त्या वेळचे व्यापारमंत्री हर्बर्ट हूवर म्हणत होते की इतके मोठे लोकसेवेचे साधन जाहिरातीच्या बडबडीत बुडू देणे कल्पनेपलीकडचे आहे. दहा वर्षांत ते बुडाले. साबणाच्या कंपन्या दुपारच्या कौटुंबिक मालिका काढू लागल्या. त्यांना ‘सोप’ हे नाव पडले ते तेथूनच.

मग मंदी आली. कारखानदारांच्या त्याच राष्ट्रीय संघाने देशभर मोठाले फलक लावले. त्यांवर मोटारीत बसलेले हसरे गोरे कुटुंब, आणि जगातले सर्वांत उंच राहणीमान आमचेच असे लिहिलेले. १९३७ च्या जानेवारीत ओहायो नदीला पूर आला. लुईव्हिल शहरात अशाच एका फलकाखाली मदतीसाठी टोपल्या, बादल्या, पिशव्या घेऊन उभी असलेली काळ्या लोकांची रांग मार्गारेट बर्क-व्हाइट या बाईने टिपली आणि ‘लाइफ’ने ती छापली. आपल्यापैकी ज्यांनी ते छायाचित्र पाहिले नसेल त्यांनी अवश्य पाहावे. फलकातली मोटार जणू रांगेच्या अंगावर येते आहे.

याच काळातला एक संप आम्हाला फार मोलाचा वाटतो, आणि संपांच्या इतिहासात तो क्वचितच सापडतो. स्टुअर्ट चेस आणि एफ. जे. श्लिंक यांनी १९२७ साली एक पुस्तक लिहून दाखवले की गिऱ्हाईक पैसे देते ते मालाला थोडे आणि जाहिरातीला फार. १९२९ साली त्यांनी ‘कन्झ्यूमर्स रिसर्च’ ही संस्था काढली. माल प्रयोगशाळेत तपासायचा, निष्कर्ष सभासदांना कळवायचे, जाहिरात घ्यायची नाही. अतिशय चांगले काम. पण १९३५ साली तेथल्या नोकरांनी युनियन काढली तेव्हा श्लिंकने तिघांना काढून टाकले. चाळीसेक माणसे संपावर गेली. साबण शंभर नंबरी आहे की नाही हे तपासणाऱ्या संस्थेने संपफोडे आणले, पहारेकरी उभे केले. मोठमोठ्या कंपन्यांचे खोटे उघडे करणारा माणूस आपल्या दारात मालक झाला की मालकासारखाच वागतो. असा अनुभव आम्हाला ध्येयवादी संस्थांत एकदा नव्हे, अनेकदा आला आहे.

संपवाल्यांनी १९३६ साली न्यूयॉर्कात स्वतःची संस्था काढली, ‘कन्झ्यूमर्स युनियन’. त्यांच्या मासिकात दूध, साबण, मोजे यांच्या गुणाबरोबर ते करणाऱ्या कामगारांची मजुरी आणि स्थितीही छापली जाई. पळालेल्या गुलामाच्या जाहिरातीनंतर दोनशे वर्षांनी हात पुन्हा छापील पानावर आला. त्यांनी आपल्या मासिकाची जाहिरात द्यायचे ठरवले, रोख पैसे देऊन. तर कितीतरी वृत्तपत्रांनी आणि मासिकांनी ती घेण्याचे नाकारले. तांबड्या शाईचे कलम आता कोणी छापत नव्हते. त्याची जरुरीच उरली नव्हती. कामगारांची माहिती पुढे त्या मासिकातून हळूहळू गेली, मालाची तपासणी राहिली, आणि जाहिरात न घेण्याचा नेम ते मासिक आजही पाळते.

१९४७ च्या टॅफ्ट-हार्टली कायद्याने युनियनच्या बहिष्काराचे हातपाय आणखी बांधले. दुकानदार तंट्यातला नसेल तर त्याच्यावर दाब आणता येणार नाही, असा त्याचा आशय. शेतमजुरांना मात्र कामगार कायद्याच्या संरक्षणातून १९३५ सालीच वगळले होते, त्यामुळे त्यांना हा निर्बंधही लागू नव्हता! कॅलिफोर्नियात डेलानो येथे सप्टेंबर १९६५ मध्ये फिलिपिनो द्राक्षमजुरांनी संप केला, मेक्सिकन मजूर त्यांना मिळाले, आणि सीझर चावेझ व लॅरी इटलियाँग यांच्या माणसांनी देशभर दुकानांपुढे उभे राहून लोकांना द्राक्षे घेऊ नका म्हणून सांगितले. पत्रकाशिवाय त्यांच्यापाशी काही नव्हते. जुलै १९७० मध्ये बागाईतदारांनी करार केले आणि युनियनच्या काळ्या गरुडाचे लेबल लागलेल्या पेट्या बाजारात आल्या.

वेळ झाल्याची खूण अध्यक्ष करीत आहेत. सिगारेटचे अर्धे सांगायचे राहिले आहे, तेवढे सांगतो. ड्यूकने तयार केलेल्या मागणीला सत्तर वर्षे झाली होती, तेव्हा उंदरांवरच्या प्रयोगांतून तंबाखूचा आणि कर्करोगाचा संबंध पुढे आला. ४ जानेवारी १९५४ रोजी सिगारेट कंपन्यांनी चारशेहून अधिक वृत्तपत्रांत पानभर निवेदन दिले, की पुरावा निर्णायक नाही आणि लोकांचे आरोग्य हीच आमची पहिली जबाबदारी. १९६४ साली सरकारच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने अहवाल दिला, जानेवारी १९७१ पासून रेडिओ-टेलिव्हिजनवर सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या. २००६ साली न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी निकाल दिला, की या कंपन्यांनी जनतेला पन्नास वर्षे फसवले. आता त्यांनी स्वतःच्या पैशाने खरे काय ते छापावे. त्या निवेदनात कोणता शब्द असावा नि कोणता नसावा यावर कंपन्यांचे वकील अकरा वर्षे भांडत राहिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये ते छापून आले. धूम्रपानाने अमेरिकेत रोज सरासरी १,२०० माणसे मरतात, असे त्यात होते. चित्र नाही, रंग नाही, नुसती अक्षरे. तोवर जाहिरातीचा पैसा मोबाइलच्या पडद्याकडे निघून गेला होता आणि ज्या वृत्तपत्रांत १९५४ साली तो पानभर शब्द दिला गेला, त्यांतली कित्येक बंद पडली होती.